चौकशीबाईंच्या वहीतलं उसनं पान

ज्या रस्त्यावर लोक फक्त मजा करायला येतात, त्या रस्त्याच्या तोंडाशी एक खिडकी आहे. वर पाटी आहे, 'चौकशी'. पाटीखाली काच, काचेला अर्धगोल भोक, आणि भोकापलीकडे गेली बावीस वर्षं एकच बाई बसतात. त्यांचं खरं नाव ओळखपत्रावर लिहिलेलं आहे, पण ते ओळखपत्र स्वेटरच्या आत असतं, त्यामुळे ते कुणी वाचलेलं नाही. अख्खा रस्ता त्यांना चौकशीबाई म्हणतो.

गाड्या खिडकीच्या अलीकडेच थांबतात. पलीकडे साडेसहाशे पावलांचा रस्ता, सगळा पायी चालायचा. ही पावलंही बाईंनीच मोजलेली. दोन नाटकगृहं, तीन सिनेमागृहं, आरसेमहाल, स्केटिंगचा हॉल, जादूगाराचं साठ खुर्च्यांचं थिएटर, बाहुल्यांचा खेळ, लाकडी घोड्यांचं चक्र, फुगे फोडायची नेमबाजी, बँडचा उघडा मंच, आणि सगळ्यांच्या टोकाला आकाशपाळणा. नवखा माणूस तोंडाशी येतो आणि भांबावतो. सगळीकडे दिवे, सगळीकडून गाणी, आणि प्रत्येक दारात कुणीतरी 'या, या' म्हणत उभं. अशा माणसाला चौकशीबाई तीन प्रश्न विचारतात. किती जण? किती वेळ आहे? आणि पायात काय आहे?

तिसरा प्रश्न ऐकून लोक हसतात. हसू देत बापडे. पण टाचांच्या चपला घालून आलेल्या नवरीला बाई आरसेमहालात पाठवत नाहीत, कारण तिथली तिसरी पायरी खरी असते आणि चौथी आरशातली. नवे बूट घालून आलेल्या माणसाला आधी कुठे बसवायचं आणि मग कुठे चालवायचं, हे त्यांना ठाऊक असतं. एकदा एक जोडपं खिडकीशी येऊन भांडत होतं, त्याला नाटक हवं होतं आणि तिला सिनेमा. बाईंनी दोघांच्या पायांकडे बघितलं आणि त्यांना नेमबाजीवर धाडलं. तासाभराने ती बक्षिसाचं मोठं कापडी अस्वल घेऊन परतली आणि तो हसत हसत हरल्याचं सांगत होता. पुढे त्यांचं काय झालं हे विचारू नका, बाई एवढ्या चौकशा करत नाहीत.

त्यांचा खरा अभिमान मात्र वेगळाच. स्वतः केल्याशिवाय त्या कुणाला काही सांगत नाहीत. दर सोमवारी सकाळी, रस्ता बंद असताना, त्या वही घेऊन फेरी मारतात. नाटकगृहाच्या प्रत्येक रांगेत बसून बघतात, कुठल्या खांबामागे अर्धा रंगमंच जातो. जादूगाराच्या त्या सुप्रसिद्ध पेटीत त्या स्वतः झोपल्या आहेत, आणि वहीत नोंद आहे, 'गुडघे दुखणाऱ्यांनी हात वर करू नये, जादूगार हात वर केलेल्यालाच पेटीत बोलावतो.' शेहेचाळिसाव्या वर्षी त्या स्केटिंगच्या हॉलमध्ये आपटल्या आणि मनगट मोडून बसल्या. पाच आठवडे हाताला प्लास्टर. रजा घ्यायची सोडून बाईंनी तो हात काचेसमोर ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून सांगितलं, "मी पडलेय, म्हणून सांगते. डावीकडच्या कठड्याने जा, उजवीकडे फरशी उचललेली आहे." हॉलचा मालक धुसफुसत आला. बाई म्हणाल्या, "फरशी बसवा, मी तेही सांगेन." चौथ्या दिवशी फरशी बसली.

अशी त्यांची वही. जाड पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेल्या, प्रत्येक ठिकाणाला एक पान. नवीन आलेले दुकानदार ती वही बघायला मागतात आणि बाई ती काखेत मारून म्हणतात, "परीक्षेचा पेपर आधी दाखवतात का कधी?"

आता खरं सांगायची वेळ आली आहे. त्या वहीतलं एक पान बाईंचं नव्हतं.

बाईंना उंचीची भीती. साधीसुधी नाही, चांगली हातपाय गार पडणारी. घरातले पडदे नवरा काढतो आणि लावतो, कारण स्टुलावर चढायचं म्हटलं की बाईंची पाचावर धारण बसते. नाटकगृहाच्या सज्जात त्या गेल्या, पण भिंतीला चिकटून. सोळा वर्षांपूर्वी रस्त्याच्या टोकाला आकाशपाळणा उभा राहिला, वीस डब्यांचा, आणि सगळा रस्ता माना वर करून उभा राहिला तेव्हा बाई खिडकीत बसून पेन्सिलीला टोक काढत होत्या. नशीब असं, की पाळण्याचं तेलपाणी सोमवारी असतं. त्यांच्या फेरीच्या दिवशी पाळणा बंद. याहून सोयीची सबब मागून मिळाली नसती.

मग सांगायचं काय? त्यांची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. बाईंनी तिला शेजारणीबरोबर वर पाठवलं आणि खाली आल्या आल्या तिला बाकावर बसवून उलटतपासणी घेतली. मुलगी बोलत गेली, बाई लिहीत गेल्या. 'वर गेलं की आधी कान गार होतात. मग माणसं बटणांएवढी होतात. उजव्या हाताला नदी दिसते. वळताना ती जाड होते. खाली यावंसं वाटत नाही.' एवढंच ते पान. सोळा वर्षं बाईंनी ते लोकांना सांगितलं, आणि इतक्या रंगून सांगितलं, की लोक वर जात, त्यांचे कान गार होत आणि ते खाली येऊन म्हणत, "बाई, तुमचं निरीक्षण काय आहे हो!" बाई मान हलवत आणि पुढच्याला विचारत, "किती जण?" त्या वेळी त्यांच्या मनात काहीतरी टोचायचं. पण रांग मोठी असायची.

त्या मंगळवारी दुपारी एक वृद्ध जोडपं खिडकीशी आलं. आजोबांच्या शर्टाला कडक इस्त्री, आजींच्या पायात मऊ कापडी बूट. बाईंचे प्रश्न झाले. दोघं जण, तीन दिवस, बूट चालण्यासारखे. मग आजोबा भोकाजवळ वाकले आणि आवाज खाली आणून बोलले.

"हिच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात. डॉक्टर म्हणतात, प्रयत्न करू. तेवढंच म्हणतात. हिचं माहेर नदीच्या वळणावर होतं. तिथे आता गोदीची भिंत आहे, काठावर जाता येत नाही. कुणी म्हणालं, पाळण्यावरून ते वळण दिसतं. दिसतं का नक्की?"

"नक्की," बाई म्हणाल्या. "उजव्या हाताला बघा. वळताना नदी जाड होते."

आजी हसल्या. "अगदी बरोबर. वळणावर पात्र रुंदच आहे," त्या म्हणाल्या. बाईंना इतकं बरं वाटलं, की त्यांनी पुढच्या दोन दिवसांचा बेतही कागदावर लिहून दिला. बुधवारी सकाळी लाकडी घोडे, कारण तेव्हा गर्दी नसते आणि चक्रात वाजणाऱ्या बाजाच्या पेटीचा आवाज नीट ऐकू येतो. गुरुवारी दुपारी एक वाजता बँडची तालीम, दुसऱ्या रांगेत, झाडाच्या सावलीत.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता आजोबा एकटेच आले. ओरडायला आले असते तर बाईंना बरं झालं असतं, ओरडणारी माणसं त्यांनी हजारो पचवली होती. आजोबा शांत होते.

"बाई, काल आम्ही वर गेलो. उजव्या हाताला एका हॉटेलची मागची बाजू आहे. एकोणीस मजले. मी मोजले, कारण दुसरं बघायला काही नव्हतं."

ते हॉटेल बाईंना चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी मागच्या रस्त्यावर झालं. त्याच्या तळघरातल्या गाण्यांच्या कार्यक्रमाला त्यांनीच शेकडो लोकांना पाठवलं होतं, आठव्या टेबलावर बसू नका, तिथे थंड वारा लागतो, असं सांगून. हॉटेल उंच आहे हे त्यांना माहीत होतं आणि पाळण्यावरून नदी दिसते हेही माहीत होतं. या दोन गोष्टी त्यांनी कधी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. जी बाई त्या तीन वर्षांत एकदा जरी वर गेली असती, तिच्याकडून ही चूक झालीच नसती.

"ती राहू द्या म्हणाली," आजोबा म्हणाले. "सबंध फेरीभर काचेला नाक लावून बसली होती. मला फक्त एक विचारायचं होतं. तुम्ही शेवटच्या कधी वर गेला होतात?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. बाईंच्या जिभेवर 'बरीच वर्षं झाली' असं आलंही होतं.

"कधीच नाही," त्या म्हणाल्या.

आजोबांनी मान डोलावली. "उद्या सहाची गाडी आहे आमची," ते म्हणाले, खिडकीच्या कडेवर हलकेच बोटं टेकवली आणि गेले. रांगेतल्या पुढच्या माणसाने तीनदा काहीतरी विचारलं, तेव्हा कुठे बाईंना ऐकू आलं.

त्या दिवशी जेवताना बाईंनी सगळं घरी सांगितलं. नवरा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला, रस्ता बंद असला की दुसरा रस्ता घ्यावा, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. "अगं, त्यात काय एवढं? नदी दिसत नाही, असं लिही त्या पानावर आणि मोकळी हो," तो म्हणाला.

मुलगी मात्र घास हातात धरून बघत राहिली. ती आता सव्वीस वर्षांची, दाताच्या दवाखान्यात कामाला. "आई, तू अजून माझंच सांगतेस लोकांना? ते कान गार होतात वगैरे? मी दहा वर्षांची होते तेव्हा!"

"चांगलं सांगितलं होतंस," बाई म्हणाल्या.

"ते आहेच म्हणा," मुलगी म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "पण बाबा म्हणतात तसं कर ना. खोडून टाक."

"खोडून काय लिहू? हॉटेल दिसतं? ते त्या आजोबांनी सांगितलं. तेही उसनंच." बाईंनी ताट बाजूला सारलं. बावीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोक त्यांना मान देत होते, त्या गोष्टीतच खोट होती, आणि ती एका म्हाताऱ्या बाईच्या वाट्याला आली होती, जिला पुन्हा बघायला मिळेल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. लाज म्हणजे काय, ते त्यांना त्या ताटासमोर नीट कळलं. "मी सकाळी वर जाणार आहे," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "तू? परवा बल्ब बदलायला मला शेजाऱ्यांकडून बोलावून आणलंस."

"तो बल्ब होता," बाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता रस्ता ओला होता. सफाईवाले पाइपने फरशी धूत होते. रात्रीचे दिवे विझले की हा रस्ता तोंड धुतलेल्या नटासारखा साधा दिसतो. बाईंना तो असाच आवडतो. टोकाला पाळणेवाला डब्यांत वाळूच्या पिशव्या चढवत होता. रोज सकाळी माणसांऐवजी पिशव्या बसवून तो पाळणा फिरवून बघतो, कुठे कुरकुरतो का, कुठे अडतो का. सोळा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

"मला वर जायचंय," बाई म्हणाल्या.

पाळणेवाल्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "शेवटी उगवला म्हणायचा तो दिवस."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाई, पाळणा माझा आहे. कोण चढलं आणि कोण नाही, हे मला ठाऊक नसणार? सोळा वर्षं बघतोय, इकडे यायचं असलं की तुम्ही दहा पावलं अलीकडे थांबून बोलता."

"मग हॉटेल आडवं आलं, हे तरी सांगायचंत."

पाळणेवाला ओशाळला. "लोक वर जातात, ओरडतात, फोटो काढतात. नदीचं कुणी विचारतच नाही. मला वाटलं, तुम्ही त्यांना दुसरंच काही सांगत असाल." मग त्याने बारा नंबरच्या डब्यातली पिशवी काढली आणि दार उघडून धरलं. "बसा. पिशवीपेक्षा तुमचं वजन कमीच भरेल."

पहिली फेरी बाईंनी डोळे गच्च मिटून केली. दोन्ही हातांनी बाक धरला होता आणि तोंडाने पाढा चालला होता, सतराचा. फेरी फुकट गेली म्हणायची, पण अगदीच नाही. सतरा सक एकशे दोनपाशी त्यांचे कान गार झाले. बाईंनी पाढा थांबवला. दहा वर्षांच्या पोरीने खरं सांगितलं होतं, अक्षर न् अक्षर, आणि आपण ते सोळा वर्षं तिच्या विश्वासावर विकलं. त्यांना एकदम रडू आलं. भीतीचंही होतं त्यात, पण जास्त त्या पोरीचंच.

दुसऱ्या फेरीला त्यांनी स्वतःच्या बुटांकडे बघितलं. तिसरीला खिडकीच्या कडेकडे. चौथीला मान वर केली, तर समोर हॉटेलची पाठ. पांढरे पाइप, बंद खिडक्या, एका मजल्यावर वाळत टाकलेले नॅपकिन. नदीचा पत्ता नाही. खालून पाळणेवाल्याने ओरडून विचारलं, "थांबवू का?"

"अजिबात नाही!" बाई ओरडल्या. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

कारण तोपर्यंत वहीतली बाई जागी झाली होती. नाटकगृहात खांब आडवा आला तर त्या खुर्ची बदलून बघत, मग इथे का नाही? पाचव्या फेरीला त्या समोरच्या बाकावर गेल्या, गुडघ्यांवर सरकत, कारण उभं राहायची छाती नव्हती. सहाव्या फेरीला दाराकडे पाठ करून बसल्या. आणि सातव्या फेरीला, डबा माथ्यावरून उतरणीला लागून बाजूला सरकला तेव्हा, हॉटेलच्या डाव्या कडेला आणि पाण्याच्या गोल टाकीच्या उजवीकडे एक फट उघडली. फटीत काहीतरी चमकलं. मग फट मिटली.

माथ्यावरून दिसत नव्हती ती नदी उतरताना दिसत होती. लोक माथ्यावर पोचले की डोळे फाडून बघतात आणि उतरणीला लागले की पर्स आवरतात, दाराशी सरकतात. म्हणून तर ती कुणाला सापडली नव्हती.

आठवी फेरी, नववी फेरी. बाई मोजत होत्या. फट नऊ आकडे मोजेपर्यंत राहते, पुढे नाही. पण माणसं चढवताना पाळणा प्रत्येक डब्याला खाली थांबतो, म्हणजे वरचा डबाही तिथे थांबणार. कुठला डबा खाली असताना कुठला फटीसमोर, हे त्यांनी पाळणेवाल्याला ओरडून विचारत, थांबवत, पुढे घेत पक्कं केलं. बारा नंबरच्या डब्याची काच नवीन, ओरखडे नाहीत. बारा नंबर फटीसमोर असतो तेव्हा खाली सहा नंबर असतो. दहाव्या आणि अकराव्या फेरीला त्यांनी ते ताडून बघितलं. अकराव्या फेरीत त्यांनी उगाचच खालीही बघितलं. आपला रस्ता. घोड्यांच्या चक्राचं गोल छत, आरसेमहालाची कौलं, आणि पार त्या टोकाला आपल्या खिडकीचा पत्रा, त्यावर कधीचा कुणी फेकलेला एक लाल चेंडू. या साडेसहाशे पावलांतलं प्रत्येक दार त्यांना आतून माहीत होतं. सगळं एका नजरेत मावलेलं त्या पहिल्यांदा बघत होत्या. हे माझं आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यात कसलाही संकोच नव्हता.

बाई खाली उतरल्या. पाळणेवाल्याने हात दिला. "भीती गेली?"

"कुठली जातेय! पण दुपारी सहा नंबरचं दार तुम्हाला जरा अडकवावं लागेल," बाई म्हणाल्या.

पण जोडपं होतं कुठे? कुठे उतरलेत, हे बाईंनी विचारलं नव्हतं. त्यांच्या हातात एकच धागा होता, मंगळवारी लिहून दिलेला कागद. गुरुवार, एक वाजता, बँडची तालीम, दुसरी रांग. ज्या बाईने एवढं तोंडघशी पाडलं तिचा कागद कोण पाळेल? आपण असतो तर चुरगळून फेकला असता, हे बाईंना स्वतःशी कबूल करावं लागलं. तरी पाऊण वाजता त्यांनी खिडकीला 'बंद' पाटी लावली. भर दुपारी, बावीस वर्षांत पहिल्यांदा. रांगेतला एक गृहस्थ संतापला. "इथे चौकशी करायची कुणाकडे?" तो म्हणाला.

"पंधरा मिनिटांनी पाळण्यापाशी या, सांगते," असं म्हणून बाई निघाल्या. चालल्या कसल्या, जवळजवळ पळाल्याच.

मंचावर तुताऱ्या पुसल्या जात होत्या. दुसऱ्या रांगेत, झाडाच्या सावलीत, कडक इस्त्रीचा शर्ट आणि मऊ कापडी बूट बसले होते.

बाईंना धाप लागली होती. "तुम्ही आलात?"

"आलो की," आजोबा म्हणाले. "घोडेही तुम्ही म्हणालात तसेच होते. गर्दी नाही, पेटी छान वाजत होती. एक सोडलं तर बाकी सगळं अगदी तुमच्या शब्दासारखं निघालं, बाई. मग कागद कशाला फेकायचा?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण त्यांनी ते मागे ढकललं, कारण वेळ नव्हता. "ते एक राहिलेलंही आता दाखवते. उठा. मी सकाळी वर गेले होते. अकरा वेळा."

आजींनी त्यांच्याकडे चेहरा वळवला. त्या बराच वेळ नजर जुळवत राहिल्या, जवळून, ज्यांना नीट दिसत नाही ते बघतात तसं. "तुमचे हात अजून थरथरताहेत," त्या म्हणाल्या.

"थरथरू देत. तुम्ही चला."

बारा नंबरच्या डब्यात आजी दाराकडे पाठ करून बसल्या, शेजारी आजोबा. बाई दार लावून मागे सरणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "तुम्ही नाही येणार? दाखवणार कोण?" बाईंनी पाळणेवाल्याकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत होता. बाई चढल्या. बाराव्यांदा.

माथ्यावर हॉटेलची पाठ आली. डबा उतरणीला लागला, बाजूला सरकला आणि थांबला. खाली सहा नंबरचं दार अडकलं होतं. पाळणेवाला रांगेला मोठ्याने सांगत होता, "जरा दम धरा मंडळी, कडी बसेना," आणि ज्या कडीत कसलाही दोष नव्हता तिच्याशी जीव तोडून झटापट करत होता.

"कुठे?" आजी म्हणाल्या. "मला सगळं करडंच दिसतंय."

बाईंना बाक सोडून बोट दाखवायचं होतं. त्यांनी बाक सोडला. "भिंत दिसते का, पांढरी? तिच्या डाव्या कडेवर या. आता अगदी थोडं पुढे, गोल टाकी आहे. टाकीवर जाऊ नका, मधेच थांबा. खाली उतरा. छपरं संपतात तिथे. तिथे उजेड आहे ना, हलणारा?"

आजी पुटपुटत गेल्या. भिंत. कड. टाकी. मग त्यांचा हात आजोबांच्या मनगटावर घट्ट बसला.

"वळतेय," त्या म्हणाल्या. "अहो, अजून तिथूनच वळतेय. रुंद होतेय बघा. आमचा दगड तिथे होता, धुण्याचा, त्या उजेडाच्या अलीकडे."

आजोबा नदीकडे बघत नव्हते, ते आजींकडे बघत होते. बाईही. नऊ आकडे कधीच होऊन गेले, आणखी नव्वद झाले असतील. खाली रांग कुरकुरायला लागली, मग कडी बसली, डबा हलला आणि फट मिटली.

खाली उतरल्यावर आजींनी बाईंचा हात सोडला नाही. "आणि पुढच्या वेळी आले, आणि काहीच दिसत नसलं तर?" त्यांनी अगदी सहज विचारलं, गाडीची वेळ विचारावी तसं.

"तर मी बरोबर चढेन आणि सांगेन," बाई म्हणाल्या. "भिंत, कड, टाकी, उजेड. आता माझ्याकडे स्वतःचं आहे सांगायला."

आजींनी मान हलवली, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं. सहाच्या गाडीला वेळ होता, म्हणून बाईंनी त्यांना तालमीचा उरलेला भाग ऐकायला परत पाठवलं, आणि शेवटच्या गाण्याआधी उठू नका, असं बजावलं.

खिडकीत परतल्यावर त्यांनी वही उघडली. मुलीचं पान फाडलं नाही, त्याखाली तिचं वय आणि साल घातलं. समोरच्या कोऱ्या पानावर लिहिलं, 'आकाशपाळणा. बारा फेऱ्या, स्वतः. बारा नंबरचा डबा, दाराकडे पाठ. नदी चढताना नाही, उतरताना दिसते. घाबरणाऱ्यांनी पहिली फेरी डोळे मिटून केली तरी चालेल, पण दुसरी करावी.'

पाटी काढली तेव्हा दुपारचा तो संतापलेला गृहस्थ समोर होता, बायको आणि दोन मुलांसह. पाळण्यापाशी जाऊन तसाच परत आला होता, आणि तोंड अजून फुगलेलं होतं. "पाळण्यावर जाण्यासारखं आहे का काही?" त्याने विचारलं. "का नुसतंच तुम्ही लोक सांगता?"

चौकशीबाईंनी स्वेटर नीट केला, पुढे वाकल्या आणि चौघांच्या पायांकडे बघितलं.

"मी आत्ताच उतरलेय," त्या म्हणाल्या. "वेळ किती आहे तुमच्याकडे?"